डीकन, बोअज आणि सोमवारची पोल्का

ओस्टरडेल, आयोवा
२६ सप्टेंबर २०१६

प्रिय विल्मा,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, कुणीही गेलेलं नाही. आपल्या वयात गावाकडून जाड पाकीट आलं की छातीत धस्स होतं, म्हणून हे आधीच सांगून टाकते. उलट मी इतकी खुशीत आहे की आज सकाळपासून दोनदा कॉफी जाळली. मी एक लढाई जिंकले आहे. खरं तर ती तुझी लढाई. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी आपल्या चर्चच्या ऑर्गनमधल्या थोरल्या लाकडी नळ्याच्या, आपल्या बोअजच्या तोंडात तिथल्या पंचांनी गोणपाट कोंबलं आणि तू रागाने ग्रँड रॅपिड्सला निघून गेलीस. बोअजला पुन्हा बोलू द्यायचं की नाही, याचा निकाल परवा शनिवारी लागला. जिंकले एवढं सांगितलं, कशी जिंकले ते मात्र क्रमाने सांगणार. आधी शेवटचं पान काढून वाचू नकोस, तुला ती खोड आहे.

सुरुवात डीकनपासून करते, कारण सगळं त्याच्यामुळेच झालं. डीकन, गेरिटच्या रेडिओचं ते आपोआप चालणारं यंत्र, सापडला. गेरिट व्हॅन रोकेलने रेडिओ स्टेशन विकलं तेव्हा नव्या मालकांनी कॉम्प्युटर आणला आणि डीकनला भंगारात काढायला निघाले. गेरिटच्या थोरल्या मुलाला दया आली. त्याने तो ट्रॅक्टरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवला आणि साफ विसरून गेला. आता चर्च आणि शाळा मिळून गावापुरतं एक लहानसं स्टेशन काढलं आहे, चर्चच्या तळघरात, कॉफीच्या स्वयंपाकघराला लागून. आवाज धान्याच्या कोठारांपर्यंत पोचतो, त्यापुढे खरखर. कमिटी कॉम्प्युटर घ्यायला निघाली होती. मी म्हटलं, गावाला सव्वाशे वर्षं होताहेत, निदान उत्सवापुरता तरी डीकनला कामावर बोलवू या. सगळे हसले. मला कुणी हसलेलं चालतं, पण मग ती गोष्ट मी करूनच दाखवते, हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

ताडपत्री ओढली आणि मला भडभडून आलं. चारही लोखंडी कपाटं तशीच. वर टेपची मोठी चाकं, बाजूला जाहिरातींच्या टेपच्या डब्यांचं गोल चक्र, आणि तिसऱ्या कपाटाच्या पोटात ते ज्यूकबॉक्सचं यंत्र. शंभर तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या, आणि त्यांच्यासमोर रुळावरून सरकत जाऊन हवी ती उचलणारा तो हात. त्या हाताखाली उंदरांनी संसार थाटला होता. रबरी चाकांचं वितळून डांबर झालं होतं. सगळा उन्हाळा माझा त्यातच गेला. नखं काळी ती अजून काळीच आहेत. रबरी चाकं शेवटी नेब्रास्कातल्या एका विधुर गृहस्थाकडे मिळाली. त्याच्या गोठ्यात इतके ज्यूकबॉक्स की गाईंना उभं राहायला जागा नाही. तो मला दुसऱ्यांदा कॉफी विचारून एकटेपणाचं बोलायला लागला तेव्हा मी चाकं पिशवीत टाकली आणि निघाले.

डीकनच्या आधीचे गेरिटचे ते रेकॉर्ड चेंजर तुला आठवतात का? घरात असतात तसेच दोन, टेबलावर शेजारी शेजारी. मधल्या दांडीवर तबकड्यांची चळत लावायची. एक संपली की हात बाजूला व्हायचा आणि वरची तबकडी खाली पडायची, थप्प. गेरिट तेवढ्यात शेजारच्या खोलीत जाऊन वाटाण्याचं सूप पिऊन यायचा. पण ते थप्प मायक्रोफोनमध्ये शिरायचं आणि सबंध तालुक्याला ऐकू जायचं. कित्येकांना वाटायचं की गेरिटची बायको कोठीचं दार आपटते आहे, आणि नवराबायकोचं बरं चाललेलं दिसत नाही. मी तिथे पत्रं टाइप करायला लागले होते. पण आमच्या घरी तसाच चेंजर होता आणि तो बिघडला की वडील माझ्या पुढ्यात सरकवायचे. म्हणून एक दिवस गेरिटच्या चेंजरने एकदम तीन तबकड्या खाली टाकल्या तेव्हा मी टाइपरायटर सोडून उठले. पुन्हा त्या टाइपरायटरपाशी मी फारशी गेले नाही.

आणि मग गेरिटने डीकन आणला तो रविवारसाठी. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. बाकीच्या गावांत अशी यंत्रं माणसांचा पगार वाचवायला घेतली. आपल्याकडे घेतलं ते माणसाला रविवारी काम करावं लागू नये म्हणून. रविवारी घरात खिळलेल्या म्हाताऱ्यांना उपासना तर ऐकू यायला हवी, पण ती ऐकवायला कुणी कामावर बसायला नको. तरी पंचांनी गेरिटला बोलावलंच. त्यांतल्या कॉर्नेलियस डाइकहाउसने विचारलं की देवाच्या आज्ञेत रविवारी नोकराला आणि जनावरालाही विश्रांती सांगितली आहे, मग हे यंत्र नोकरात धरायचं की जनावरात? गेरिटने उलट विचारलं, तुमच्या विहिरीवरची पवनचक्की रविवारी तुम्ही बांधून ठेवता का? पंचांनी परवानगी दिली. पण कॉर्नेलियसने एक अट घातलीच. यंत्राने रविवारी खुशाल चालावं, माणसाने त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. शनिवारी संध्याकाळी सगळं लावून कुलूप घालायचं ते सोमवारी पहाटे उघडायचं. डीकन हे नाव त्यातूनच पडलं, कारण रविवारी बिनपगारी राबणारा चर्चमध्ये डीकनच असतो.

डीकनला चालवायची किल्ली काय होती, हे गावात मला आणि गेरिटलाच माहीत होतं, आणि गेरिटला अर्धवट. गाणं संपलं हे यंत्राला कळणार कसं? म्हणून टेपवर प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक इशारा भरायचा, अगदी खालचा घुमणारा सूर, सेकंदाला पंचवीस कंपनांचा. माणसाच्या कानाला तो लागतो न लागतो. डीकनला मात्र स्वच्छ ऐकू जायचा, आणि ऐकला की तो खटकन पुढच्या गोष्टीकडे वळायचा. आदल्या रविवारची उपासना टेपवर असायची. तिच्या शेवटी मी तो इशारा भरायची आणि शनिवारी टेप चढवायची. रविवारचा शेवट त्या टेपनेच. पाच वाजता घड्याळ स्टेशन बंद करायचं. पुढे रांगेत उभा असायचा तो सोमवार सकाळचा माल, म्हणजे जाहिराती, बाजारभाव आणि नाचाची गाणी. तो शनिवारीच लावून ठेवावा लागे, कारण रविवारी हात लावायचा नव्हता.

त्याच उन्हाळ्यात बोअज आला. विधवा टेर हॉर्स्टबाईंनी नवऱ्याच्या स्मरणार्थ ऑर्गनला थोरले लाकडी नळे दिले, बाकाखालच्या पट्ट्या पायांनी दाबून वाजवायचे. सगळ्यात लांब असलेले उभे मावेनात, म्हणून भिंतीलगत आडवे घातले. त्यांतल्या एकाने बाकं थरथरली म्हणून सगळे त्याला शलमोनाच्या मंदिरातल्या खांबाचं नाव देऊन मोकळे झाले. पहिल्या रविवारी तू पश्चात्तापाचं ते स्तोत्र वाजवलंस आणि शेवटच्या कडव्याआधी बोअजवर पाय ठेवून थांबलीस. मी तुझ्या मागेच टेप मशीनशी बसले होते. माझ्या शेजारच्या म्हातारीच्या तोंडातली पेपरमिंट गळून पडली. इतकं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं, आणि ते मी तुला तेव्हा सांगितलं होतं, आजही सांगते.

पुढच्या रविवारी दुपारी सगळं गाव ते स्तोत्र रेडिओवर ऐकायला बसलं. गंमत अशी की कुणाच्याही घरातल्या रेडिओला तो सूर काढताच येत नव्हता. बोअज ऐकला तो एकट्या डीकनने. पंचवीसच्या जवळपास कंपनं, सावकाश, लांब. त्याला वाटलं इशारा मिळाला. टेप थांबली, आणि देवासमोर मान खाली घालून बसलेल्या सबंध गावाला गेरिटच्या खणखणीत आवाजात प्रश्न आला, "शेतकरी बंधूंनो, तुमच्या डुकरांचं पोट साफ होतं ना?" ब्लोमच्या खाद्याची जाहिरात. ती संपली आणि मागोमाग पोल्का, भर नाचाची धून. रविवारी. ज्या गावात शनिवारी नाचलेलंसुद्धा चालत नव्हतं त्या गावात.

आणि कुणालाच काही करता येईना. स्टेशनला कुलूप, किल्ली गेरिटच्या खिशात, आणि उठून जाऊन यंत्र बंद करणं हे काम. गेरिट रविवारच्या कोटात खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होता. त्याची बायको म्हणाली, "अहो, बैल विहिरीत पडला तर रविवारीही काढायला बायबलात परवानगी आहे. उठा की." तेव्हा तो उठला. तो भर रस्त्याने ताड ताड चालला होता आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत पडदे हलत होते. प्रत्येक घरातून त्याच्या सोबतीला तीच पोल्का. तो दाराशी पोचला आणि घड्याळाने पाचला स्टेशन बंद केलं. त्यानंतर वर्षभर त्याला रस्त्यात भेटेल तो विचारायचा, बैल कसा आहे?

हे सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला मला एवढी धाव घ्यावी लागते. सोमवारी मी टेप पुन्हा पुन्हा लावून पाहिली. दर वेळी डीकन त्याच जागी, बोअजवरच उडी मारायचा. कारण सापडलं म्हणून मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. मला वाटलं, आता विल्माला कुणी बोलणार नाही. तोवर कॉर्नेलियसने मुलगी अंगात येऊन वाजवते, ऑर्गन उपासनेसाठी आहे की स्वतःची ऐट दाखवायला, असं सुरू केलंच होतं. पंचांच्या खोलीत बायकांना बोलायची सोय नव्हती, म्हणून माझं म्हणणं गेरिट घेऊन गेला. आत जाऊन त्याने काय सांगावं? की ऑर्गन आमच्या डीकनला गुप्त इशारे करतो. कॉर्नेलियसने चष्मा काढला आणि विचारलं, "भर उपासनेत?" मी दाराबाहेर कपाळाला हात लावून उभी होते.

मग तुला आत बोलावलं, जाब विचारायला. तू काय म्हणालीस ते दाराबाहेरूनही स्वच्छ ऐकू आलं. "यंत्राचे कान बांधा की. माझ्या ऑर्गनचं तोंड कशाला बांधताय?" कॉर्नेलियस शांतपणे म्हणाला की यंत्र गेरिटचं आहे, ऑर्गन आपला आहे, आणि माणसाने आपल्या घरात आवरावं. ठराव झाला, डीकन सेवेत असेपर्यंत तो सूर वाजवू नये. बुधवारी बोअजच्या तोंडात गोण्या कोंबल्या, त्याही ब्लोमच्या खाद्याच्याच. चांदीच्या कागदाची युक्ती मला त्याच आठवड्यात सुचली होती, मी गेरिटला सांगितलीही होती. टेपच्या शेवटी इशाऱ्याऐवजी कागदाचा तुकडा डकवायचा आणि तो तुकडा दोन तारांना जोडून देईल तेव्हाच यंत्राने पुढे जायचं. मग ऑर्गनने काहीही वाजवावं. गेरिट म्हणाला, झालं ते मिटलं, आता कशाला उकरतेस. आणि तोवर तू भावाच्या गाडीत बॅगा भरल्या होत्यास. लंगडा ऑर्गन मी वाजवणार नाही, एवढंच तू मला म्हणालीस. त्यानंतर तू गावात लग्नांना आलीस, मयतीला आलीस, पण चर्चमध्ये ऑर्गनकडे पाठ होईल अशाच बाकावर बसलीस. मी ते दर वेळी पाहिलं आहे.

आता या वर्षीचं. उत्सवाच्या रविवारची उपासना डीकनवरून ऐकवायची आणि बोअजच्या गोण्या काढायच्या, असं मी पंचांपुढे मांडलं. हो, मी पंच आहे, नऊ वर्षं झाली. ज्या खोलीच्या दाराबाहेर मी कपाळाला हात लावून उभी होते, त्याच खोलीत माझी खुर्ची आहे आणि तीही खिडकीजवळची. तिथे आता मायरन डाइकहाउसही बसतो, कॉर्नेलियसचा मुलगा. बापाचंच नाक आणि बापासारखंच हळू आवाजात बोलणं. मला वाटलं होतं की जुना ठराव कुणाच्या लक्षातही नसेल. मायरनच्या होता. तो म्हणाला, "लॉर्ना, डीकन सेवेत असेपर्यंत, असं म्हटलंय. तो सेवेत नव्हता तोवर कुणी विचारलं नाही. तूच त्याला सेवेत आणलंस. आता ठराव लागू झाला." विल्मा, मी ते डबडं सगळा उन्हाळा खपून जिवंत केलं, आणि त्याच्यासोबत तो ठरावही जिवंत करून ठेवला. आपल्या लोकांशिवाय असं दुसऱ्या कुणाला सुचेल का, सांग.

चांदीच्या कागदासाठीच्या तारा मी उन्हाळ्यातच डीकनला जोडल्या होत्या. मी म्हटलं, मग परीक्षा घ्या. शनिवारी, उपासना नसताना, सगळ्या पंचांसमोर. बोअज आणि डीकन समोरासमोर. डीकनने उडी मारली तर मी स्वतः गोण्या परत कोंबेन आणि पुन्हा विषय काढणार नाही. डोमिनी, आमचे आताचे पाळक, तरुण आहेत, त्यांना गंमत वाटली, त्यांनी होकार भरला. पण त्या रात्री मी त्या तारा तीनदा तपासल्या. कारण मी हरले असते तर बोअज कायमचा गेला असता, आणि तुझ्यावरचा डाग तसाच राहिला असता.

शनिवारी सकाळी गोण्या काढल्या. त्यांच्यावरची ब्लोमची अक्षरं अजून वाचता येत होती. तुझ्या जागी आता डेल्बर्ट रूस बसतो, शाळेत बँड शिकवतो, सज्जन पण भित्रा. त्याला मी तेच स्तोत्र वाजवायला सांगितलं. त्याने बोअजवर पाय ठेवला आणि आधी नुसती धूळ उडाली. मग तो बोलला. खिडकीची काच किणकिणली, पंचांपैकी दोघांनी बाकाला धरलं. मी टेपवर सगळं घेतलं, रीळ छातीशी धरून तळघरात उतरले आणि मागून सगळे, हातात कॉफीचे कप घेऊन. आणि उतरताना पाहते तर टेपच्या शेवटी डकवलेला चांदीचा कागद गळून कुठे तरी पडलेला. दुसरा तुकडा घरी. मग मी मायरनसमोर हात पसरला आणि म्हटलं, "पेपरमिंट दे." त्याने काही न विचारता खिशातून उपासनेची नेहमीची गुंडाळी काढली. मी पेपरमिंट त्याच्या हातात ठेवली आणि कागद घेतला. आतल्या चांदीची पट्टी कात्रीने कापून टेपला डकवली, तेव्हा त्याला कळलं. त्याच्या बापाच्या ठरावाचा निकाल त्याच्याच पेपरमिंटच्या कागदावर लागणार होता. तो म्हणाला, आधी सांगितलं असतंस तर नवी गुंडाळी आणली असती.

आणि मी आणखी एक केलं. टेपच्या पुढे रांगेत मी तीच जाहिरात लावली, गेरिटच्या आवाजातली, आणि तिच्या मागे ज्यूकबॉक्सच्या हातात तीच पोल्का. हरायचं तर तिच्याकडूनच हरायचं, असं ठरवलं होतं. बटण दाबलं. चाकं फिरायला लागली. स्तोत्र पुढे सरकलं, पहिलं कडवं, दुसरं. बोअज यायच्या जरा आधी कपाटात खट् असा आवाज झाला. डोमिनींचा कप बशीवर वाजला. पण तो चौथ्या कपाटातल्या घड्याळाचा काटा होता. मग बोअज आला. लांब, सावकाश, जमिनीतून वर चढणारा. मी टेपच्या चाकाकडे पाहत होते, दुसरीकडे पाहायची हिंमतच नव्हती. चाक फिरत राहिलं. बोअज बोलत होता आणि चाक फिरत होतं. शेवटचं कडवं झालं, आमेन झालं, माणसांच्या खोकण्यापर्यंत सगळं झालं. मग चांदीचा तुकडा तारांपाशी पोचला आणि डीकनने मान डोलवल्यासारखा खटका दिला. गेरिट विचारायला लागला, तुमच्या डुकरांचं पोट साफ होतं ना. लगेच तो हात रुळावरून सरकत गेला, तबकडी उचलली आणि पोल्का सुरू झाली. मी जमिनीवर बसून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. आणि मायरन डाइकहाउस, पंच, गावातला सगळ्यात ताठ माणूस, बुटाचं टोक तालावर आपटत उभा होता. शनिवार होता ना, त्याला चालतं.

तिथेच, तळघरात, कॉफीच्या टेबलाशी मी ठराव मांडला की जुना ठराव रद्द करावा. कुणी तरी अनुमोदन द्यायला हात वर करायला लागलं तोच मायरनने त्याला थांबवलं. तो म्हणाला, "अनुमोदन मी देणार. दुसऱ्या कुणी देऊ नये. वडील गोण्या कोंबून घरी आले त्या दिवशी जेवले नाहीत. तो सूर गुडघ्यात जाणवतो म्हणायचे. त्यांना आवडायचा." सगळे हात वर गेले. डोमिनींनी खाली आपल्या हाताने एक ओळ घालायला लावली आणि मी ती तुला जशीच्या तशी कळवते आहे. ऑर्गनवादक विल्मा हुकस्ट्रा हिची त्या रविवारी कोणतीही चूक नव्हती, आणि हे तिला त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. वाचलंस? पुन्हा वाच. मी घरी येईपर्यंत गाडीत ते मोठ्याने म्हणत होते.

आता मी हे सगळं फोनवर न सांगता पत्रात का लिहिलं ते. फोनवर तू पहिल्या वाक्याला नाही म्हटलं असतंस. गेल्या महिन्यात तुझी जॉइस माझ्याशी बोलली. तुझी बोटं आता वळत नाहीत, तू पियानोवर चादर घातलीस आणि त्यावर कुंड्या ठेवल्यास, असं ती सांगत होती. तू मला नाताळच्या कार्डात यातलं काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मीही आतापर्यंत विचारलं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उत्सवाची उपासना आहे. डेल्बर्टशी मी बोलले आहे. तो बाकावर डाव्या बाजूला सरकून बसेल आणि दोन्ही हातांचं सगळं तोच वाजवेल. पण खालचे सूर तो वाजवणार नाही, ते माझे नाहीतच, असं तो स्वतःहून म्हणाला, आणि त्या भित्र्या माणसाचा मला फार अभिमान वाटला. शेवटच्या कडव्याआधी तो थांबेल, आणि तू सोडशील तोपर्यंत थांबून राहील. सगळं गाव ऐकायला बसलेलं असेल, घरात खिळलेले म्हातारे रेडिओशी, त्यांत आता आपल्याच वर्गातले निम्मे. जॉइस तुला गाडीने घेऊन येणार आहे, तिला सगळं माहीत आहे, तिच्यावर चिडू नकोस. हातांचं काही सांगू नकोस मला. बोअज हातांनी वाजत नाही, विल्मा. तुझे ऑर्गनचे बूट घेऊन ये.

तुझीच,
लॉर्ना